म्हाकूआप्पाची तक्रार

"प्रगती!" गार्डसाहेबांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही तिघं बापे शाळेतल्या पोरांसारखे ताठ उभे राहिलो.

महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे दहा चाळीस. दहा एकोणचाळीसला पोचलात तर अंगणात थांबायचं, दहा एक्केचाळीसला पोचलात तर "गाडी सुटली" म्हणून परत जायचं. दिनकर सोनटक्के पस्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन घरी आले, पण गार्डपण काही उतरलं नाही. मिरजेत स्टेशनाच्या मागच्या बाजूला त्यांचं घर. पुढची अख्खी खोली एका चौदा फुटी टेबलानं खाल्लेली, आणि त्या टेबलावर आमची रेल्वे. वीतभर लांबीचे डबे, करंगळीएवढे सिग्नल, मुगाच्या दाण्याएवढी प्रवाशांची डोकी.

आमचं मंडळ चौघांचं. महिनाभर घरी जो तो आपापलं काहीतरी बनवायचा, रविवारी ते जेवणाच्या डब्यात घालून नाहीतर छोट्या फळीवर बसवून आणायचा आणि साहेबांपुढं उघडायचा. "छान" म्हणायला बंदी. साहेब चूक काढायचे, मग नोंद व्हायची. त्यालाच प्रगती म्हणायचं.

"डॉक्टर मेहेंदळे."

मेहेंदळे दातांचे डॉक्टर. कवळीचे साचे ज्या प्लास्टरचे करतात, त्याच प्लास्टरचे ते डोंगर बनवायचे. नीट बघितलं तर प्रत्येक डोंगरात दाढ दिसायची.

"डोंगराचा माथा पूर्ण," डॉक्टर म्हणाले. "आणि माझ्या फळीवरच्या रुळांना खडी घातली, एक फूट."

साहेब वाकले. "ही खडी आहे की भेळेवरची शेव? इथं ढीग, तिथं टक्कल."

"तिसऱ्यांदा घातली हो! कागदाच्या पुंगळीतून सोडतो, तर भसकन पडते."

"खडी चुकली तर सगळा मार्ग चुकला. नोंद करा. डोंगर एक. खडी नामंजूर. इर्फान मुजावर."

इर्फानभाई सतारी बनवणारा. सतारीच्या उरलेल्या लाकडातनं त्यानं प्रवासी डबा केला होता. पॉलिश असं, की डबा छेडला असता तर सा लागला असता.

"दाराच्या मुठी उलट्या बाजूला," साहेब म्हणाले. "प्रवासी उतरायचे कसे?"

"खिडकीतनं उडी मारतील साहेब, तरणे आहेत."

"नोंद करा. डबा एक. मुठी बदलणे. भंडारे."

भंडारे म्हणजे मी. विलास भंडारे, फॅन-मिक्सर दुरुस्ती, लक्ष्मी मार्केटजवळ. मी एका फळीवर ढाबा केला होता, लुकलुकणारा दिवा लावून. साहेबांनी भिंग लावून पाटी वाचली. 'गार्डसाहेब खाणावळ. येथे नियमानुसार भूक लागेल.'

"नोंद करा," साहेबांचा चेहरा दगडाचा. "दिवा एक, मंजूर. पाटी अनावश्यक."

नोंद करायला काकू बसायच्या. आधी साहेब स्वतः लिहायचे, पण "चष्म्याचा नंबर बदललाय" म्हणून वर्षभर वही काकूंकडं होती. इंदूकाकू बुटक्या, गोऱ्या, तोंडातनं शब्द न काढणाऱ्या. निदान मला तरी तसं वाटायचं.

"दिनकर सोनटक्के," साहेबांनी स्वतःचंच नाव पुकारलं. "प्रगती शून्य. सलग दहावा महिना. लिहा."

पुढचं आम्हाला पाठ होतं. भिंतीवर चौकटीत नियम लावले होते, त्यातला सातवा: 'सलग बारा महिने शून्य प्रगती दाखवणाऱ्या सभासदाचे नाव कमी करण्यात येईल.' नियम साहेबांनीच केलेला, आणि लावलेलाही. बँकेतले फडणीस म्हणून एक होते. बाराव्या महिन्यात ते अर्धा किलो पेढे घेऊन आले, तर साहेबांनी पेढे ठेवून घेतले आणि फडणीसांना घालवलं.

"मेमध्ये माझं नाव जाईल," साहेब म्हणाले. "टेबल डॉक्टरांच्या गच्चीवरच्या खोलीत हलवा. मोजमापं काढून ठेवली आहेत."

"अहो, तुमच्याशिवाय काय मंडळ?" डॉक्टर म्हणाले.

"नियमात तसं लिहिलेलं नाही."

सगळ्यांनी टेबलाच्या टोकाकडं बघितलं. मेथवडी स्टेशनपर्यंत सगळं झालेलं होतं. झाडं, पाण्याची टाकी, प्लॅटफॉर्म. त्यापुढं चाफेवाडीपर्यंतचे सव्वाचार फूट नुसते रूळ, उघड्या लाकडावर टाकलेले. ना खडी, ना माती, ना चाफेवाडी. दहा महिने तसेच.

हवा जड झाली की मला राहवत नाही. मी म्हणालो, "साहेब, खिशात काय फुटाणे हायेत का? वर्ष झालं, हात बाहेर काढला न्हाई तुम्ही!"

इर्फानभाई हसला. डॉक्टर हसले. साहेबांनी हात खिशात आणखी खाली घातले. काकूंनी चहा आणला. आम्हाला कपबशी, साहेबांना नेहमीप्रमाणं स्टीलचा पेला, अर्धाच भरलेला. त्या पेला टेबलावर ठेवून गेल्या आणि जाता जाता माझ्याकडं अशी नजर टाकली, की माझी बशी थंड पडली.

बाहेर आल्यावर आम्ही आंबोळीच्या गाड्यावर कमिटी बसवली.

"आपणच करू आणि तिथं ठेवून देऊ," डॉक्टर म्हणाले. "चाफेवाडी मी करतो."

"तुमची चाफेवाडी दाढेसारखी दिसंल," इर्फानभाई म्हणाला. "साहेबांना एका नजरंत कळतंय कुणाचा हात. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून लिवून घेणारा माणूस न्हवं त्यो."

"मग स्वतःच्या हातानं का करत नाहीत? रुसलेत का कुणावर?"

"बुवा कंटाळलाय," मी म्हणालो. मला सगळं कळतं अशी तेव्हा माझी समजूत होती. "त्याला जरा टोचलं पायजे. साहेब कशाला घाबरतात? नियमाला. मग नियमानंच टोचू."

"म्हणजे?"

"म्हाकूआप्पा तक्रार करणार."

म्हाकूआप्पा म्हणजे माझाच पराक्रम. चार वर्षांपूर्वी मी पिवळ्या फेट्याचा अर्ध्या इंचाचा एक माणूस बनवला, त्याच्या हातात लोटा दिला आणि साहेबांच्या रुळांशेजारी, सकाळच्या कामाला बसतात तसा उकिडवा बसवला. तीन महिने कुणाला दिसला नाही. सापडला तेव्हा डॉक्टरांना हसून ठसका लागला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चिमट्यानं त्याला उचललं, लोटा काढून घेतला, पाय सरळ केले आणि मेथवडीच्या प्लॅटफॉर्मवर उभं केलं. म्हणाले, "हा आता रीतसर प्रवासी आहे."

आणि साहेबांच्या रेल्वेत प्रवाशाला हक्क होते. चाफेवाडीच्या टोकाला टेबलाच्या पायाला दोऱ्यानं एक छोटी वही टांगलेली होती. 'तक्रार व सूचना पुस्तिका. उत्तर तीस दिवसांत देण्यात येईल.' खऱ्या स्टेशनात असते म्हणून इथं. आजवर कुणी त्यात अक्षर लिहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी रेग्युलेटर तपासायच्या निमित्तानं मी गेलो आणि लिहून आलो:

'मी म्हाकूआप्पा. मेथवडीला चार वर्षं उभा आहे. चाफेवाडीला माझी सासुरवाडी. गाडी रोज मेथवडीला येते आणि माघारी फिरते. बायको माहेरी गेलेली आहे ती आणायची कशी? कळावे.'

आठवड्यानं परत गेलो तर खाली निळ्या शाईत उत्तर!

'आपली तक्रार पोचली. गेल्या चार वर्षांत आपल्या पत्नीने आपणांस बोलावणे पाठवल्याची नोंद या कार्यालयात नाही. तरी घाई कसली? स्टेशन मास्तर, मेथवडी.'

मी टेबलाखाली बसून एवढा हसलो की डोकं वर आपटलं. म्हातारा खेळतोय की! लगेच दुसरी लिहिली:

'उभं राहून पाय सुजले. बाक द्या.'

उत्तर चौथ्या दिवशी:

'आपण प्रथम आढळलात तेव्हा बसलेलेच होतात. कोठे व कशासाठी, हे सर्वांसमक्ष लिहिणे या कार्यालयास प्रशस्त वाटत नाही.'

मी वही दोऱ्यातनं सोडवून डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन दाखवली. खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटला तसंच ठेवून डॉक्टर हसले. "झालं काम," मी म्हणालो. "एवढं ज्याला सुचतंय, तो एप्रिलला कायतरी दाखवणारच."

एप्रिलचा पहिला रविवार आला. शिट्टी झाली. "दिनकर सोनटक्के. शून्य. सलग अकरावा. लिहा."

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी डोळा मारून बघितला, तर साहेबांनी विचारलं, "भंडारे, डोळ्यात काही गेलं का?" मला काही कळेना. लिहिताना एवढा मिश्कील माणूस, आणि समोर आला की सिग्नलचा खांब!

मेच्या रविवारला आठ दिवस राहिले तेव्हा मी शेवटचा घाव घालायला निघालो. पुढचं दार बंद होतं, म्हणून मागनं स्वयंपाकघरातनं शिरलो. तिथं कुणी नव्हतं. पुढच्या खोलीत डोकावलो आणि जागच्या जागी थांबलो.

इंदूकाकू पाटावर बसल्या होत्या. मांडीवर तक्रार पुस्तिका, हातात निळं पेन. लिहीत होत्या आणि पदर तोंडाला लावून एकट्याच हसत होत्या.

"काकू!"

दचकल्या, पण वही लपवली नाही. "आलास? बस. तुझ्या म्हाकूआप्पाला आज बायकोचं पत्र लिहितेय मी."

"म्हणजे ती सगळी उत्तरं तुम्ही..."

"मग? वात्रटपणा काय तुला एकट्यालाच येतो का रे मेल्या?"

"आणि साहेब?"

"त्यांना पत्ताच नाही. टेबलाच्या या टोकाला ते फिरकतच नाहीत." काकूंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणूनच लिहीत होते. म्हटलं, कुणीतरी या स्टेशनाशी बोलतंय तर बोलावं."

"फिरकत का न्हाईत, काकू?"

त्या वही मिटत म्हणाल्या, "सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला."

"मग सांगू नका."

"सांगत नाहीच. ये, दाखवते."

मागच्या अंगणात साहेब स्टुलावर बसले होते, आमच्याकडं पाठ करून. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, हातात पिठाची चाळणी. भाजणी चाळत होते. आणि त्यांचे हात थरथरत होते. थंडीनं हलतात तसे नाही. आपल्याला न विचारता, सतत, बारीक. वर्षभर खिशात असलेले ते हात.

फुटाणे! मी फुटाणे म्हणालो होतो. अर्धा पेला, काकूंकडं दिलेली वही, सगळं माझ्या समोर होतं आणि मी शहाणा डोळा मारत बसलो होतो.

"मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही," काकू हळूच म्हणाल्या. "पण चिमटा धरता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात चाफेवाडीचं झाड लावायला गेले, तर तीन खांब पाडले. तेव्हापासून बंद. चाळायचं काम मीच मुद्दाम देते. तेवढं मात्र फार सुरेख करतात बघ."

मी बघत होतो. पीठ पडत होतं. कुठं ढीग नाही, कुठं टक्कल नाही. कागदावर एकसारखा थर, चादर अंथरल्यासारखा.

"काकू," मी म्हणालो, "तुमच्याकडं चहाची जुनी गाळणी हाय का?"

"कशाला?"

"म्हाकूआप्पाला पायजे."

संध्याकाळी मी उजळ माथ्यानं पुढच्या दारानं गेलो. पिशवीत गाळणी आणि खडी. खडी म्हणजे क्रशरवरची काळ्या दगडाची कच, दोनदा धुतलेली. साहेब आरामखुर्चीत होते, हात शालीखाली. ऐन उन्हाळ्यात शाल!

"साहेब, तक्रार आलीय," मी म्हणालो आणि पुस्तिका दोरा तोडून त्यांच्यापुढं धरली. "तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतंय. आता शेवटचे आठ दिवस राहिलेत."

"तक्रार? कुणाची?"

"मेथवडीचा प्रवासी. म्हाकूआप्पा. तुम्हीच म्हणाला होता, रीतसर हाय म्हणून."

मी मोठ्यानं वाचली. आधीची पानं बोटानं दाबून धरली होती.

"'मेथवडी ते चाफेवाडी मार्गावर खडी नाही. अशा मार्गावरनं गाडी नेली तर डबे घसरतील व माझा फेटा सुटेल. गार्डसाहेबांनी जातीनं लक्ष घालावं.'"

साहेबांनी विचारलं, "या प्रवाशाकडे तिकीट आहे?"

"हाय."

"मग तक्रार दाखल करून घ्यावी लागेल." मग आवाज बारीक झाला. "पण भंडारे, खडी घालायची म्हणजे..."

"अवघडच काम," मी घाईनं म्हणालो. "डॉक्टरांना तीनदा जमलं न्हाई. जमणार कसं? त्यांचा हात फार स्थिर. दात उपटून उपटून लोखंडाचा झालाय. खडीला स्थिर हात चालत न्हाई साहेब, भसकन पडती. खडीला हलता हात लागतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षं बिनतिकिटाचे प्रवासी ओळखलेला माणूस. माझे कान गरम झाले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हाकूआप्पानं."

शाल हलली, पण हात बाहेर आले नाहीत. मी गाळणी आणि पिशवी टेबलावर ठेवली आणि पायात चपला न घालताच पळालो.

ते आठ दिवस मी चार मिक्सरांच्या वायरी उलट्या जोडल्या. एका बाईंचा मिक्सर चटणी वाटायच्या ऐवजी छताकडं फेकत होता. साहेब चिडले असतील तर? काकूंनी शपथ मोडली असं त्यांना वाटलं तर? मंडळ गेलं, आणि तेही माझ्यामुळं.

मेचा पहिला रविवार. दहा चाळीस. शिट्टी.

डॉक्टरांनी बोगदा दाखवला. इर्फानभाईनं मुठी बदललेला डबा दाखवला. मी काय दाखवलं ते मला आठवत नाही. टेबलाचं चाफेवाडीचं टोक साडीनं झाकलेलं होतं, काकूंच्या जुन्या हिरव्या साडीनं, आणि माझी नजर तिथनं हटत नव्हती.

"दिनकर सोनटक्के," साहेबांनी पुकारलं. डॉक्टरांनी मान खाली घातली.

साहेब म्हणाले, "साडी काढा."

काकूंनी साडी ओढली.

सव्वाचार फूट. काळी, बारीक, एकसारखी खडी. रुळांच्या मधे सपाट, बाजूंना उतरती, कडेला लाकडावर विरत गेलेली. रुळांखालच्या स्लीपरवर एक कण नाही. खऱ्या रेल्वेचा तुकडा कुणी कापून आणून ठेवलाय असं वाटावं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"छा..." ते म्हणाले.

"बंदी आहे," साहेब म्हणाले.

"अहो पण कसं? पुंगळीनं घातलीत?"

"गाळणीनं. वरून इस्त्रीच्या फवाऱ्यानं डिंकाचं पाणी मारलं."

"गाळणी मीही वापरून बघितली हो! जमली नाही."

"जमणार नाही, डॉक्टर." साहेबांनी उजवा हात खिशातनं बाहेर काढला आणि सगळ्यांच्या देखत टेबलावर मधोमध, दिव्याखाली धरला. हात थरथरत होता. "तुमचा हात फार स्थिर आहे."

डॉक्टर त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा हात त्याच्या शेजारी धरला, निरखला आणि खरोखरीच्या हेव्यानं म्हणाले, "माझ्या फळीवरची एक फूट घालून द्याल का?"

"अर्ज करा," साहेब म्हणाले. "विचार करू."

इर्फानभाई एवढ्यानं हसला की मेथवडीचा सिग्नल आडवा झाला. साहेबांनी काकूंकडनं वही मागून घेतली. पेन धरलं. 'खडीकरण सव्वाचार फूट' एवढे तीन शब्द लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. एकेक अक्षर रुळावरनं घसरलेलं, पण वाचता येत होतं. आम्ही उभे राहिलो. त्या दिवशी चहा कपबशीत आला. साहेबांची बशी खडखडत होती आणि ते खुशाल फुर्र करून पीत होते.

मग गाडी सुटली. हिरवा झेंडा, शिट्टी, इर्फानभाईचा डबा मागं. मेथवडीला थांबली, आणि पहिल्यांदाच माघारी न फिरता पुढं निघाली. चाफेवाडीला स्टेशन नव्हतंच, तर काकूंनी तिथं देव्हाऱ्यातलं उदबत्तीचं घर ठेवलं. तेच स्टेशन. पुढं साहेबांनी तिथं फक्त हलत्या हाताला जमेल तेवढंच केलं: शेतं, गवत, धूळ, पाचोळा. तसं गाव आमच्यातल्या कुणालाच जमलं नाही.

"अरे, म्हाकूआप्पा कुठाय?" डॉक्टर एकदम म्हणाले.

मेथवडीचा प्लॅटफॉर्म रिकामा होता.

"तो गाडीत बसला," साहेब म्हणाले. "चौकशी करू नका."

माझी ढाब्याची फळी मार्चपासून साहेबांकडंच होती, ती मी त्या दिवशी घरी आणली आणि दुपारी पिशवीतनं काढली. वायर लावली, दिवा लुकलुकायला लागला. आणि त्या उजेडात मला पिवळा फेटा दिसला.

माझ्या ढाब्याच्या मागं, बरोब्बर मुदपाकखान्याच्या खिडकीखाली, म्हाकूआप्पा उकिडवा बसला होता. हातात लोटा. चार वर्षं साहेबांनी तो लोटा जपून ठेवला होता! शेजारी तांदळाएवढी एक पाटी, काकूंच्या अक्षरात: 'येथे नियमानुसार बसावे.'

पण चिकटवायचं काम काकूंचं नव्हतं. काकूंनी नीट चिकटवलं असतं. हा एका अंगावर कलला होता, डिंक फेट्यापर्यंत माखलेला, आणि आजूबाजूला तीन ठिकाणी डिंकाचे ठिपके. तीनदा हात चुकला होता आणि चौथ्यांदा लागला होता.

त्याला बारा वर्षं झाली. फळी तीनदा रंगवली, ढाब्याचं छप्पर बदललं. म्हाकूआप्पाला मी हात लावलेला नाही. अजून तसाच बसलाय, तिरका.